तीन आठवडे हात जांघेला, की मनगटाची एक धमनी?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या कारखान्यात प्रेसखाली नाहीतर गुऱ्हाळाच्या चरकात हात सापडला, पंजाच्या पाठीवरची कातडी सोलून हाड आणि बोटं हलवणाऱ्या दोऱ्या (टेंडन) उघड्या पडल्या, की मांडीची पातळ कातडी लावून भागत नाही. उघड्या हाडावर ती धरतच नाही. स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येणारी जाड कातडी, म्हणजे फ्लॅप लागतो. अशा वेळी घरचे हमखास विचारतात, "एकाच ऑपरेशनात होणारं कुठलं?" माझ्या मते आधी विचारावं, बोटं कितव्या दिवशी हलवायला मिळणार?

जांघेचा फ्लॅप 1972 पासूनचा, मुरलेला. पंजा जांघेतल्या कातडीला शिवतात. तीन आठवड्यांत पंजाकडून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, मग जांघेशी जोडलेला देठ कापतात. मायक्रोस्कोप लागत नाही, हाताची धमनी शाबूत राहते, व्रण कपड्याखाली झाकतो. पण ते तीन आठवडे! जेवण, आंघोळ, संडास, सगळ्याला माणूस लागतो. हात खाली राहून सुजतो, खांदा-कोपर आखडतात. पन्नाशीपुढं तर जास्तच. वर फ्लॅप जाडजूड दिसतो, बऱ्याचदा पुढं चरबी काढायला तिसरं ऑपरेशन.

दुसरा पर्याय, पुढच्या हाताचा, म्हणजे कोपर ते मनगट भागातला, रेडियल फ्लॅप. तो मनगटाकडं उलटवतात. एकाच बैठकीत काम, हात उंच ठेवता येतो, व्यायामही लवकर. बदल्यात नाडी बघतात ती धमनी कायमची खर्ची पडते. म्हणून आधी मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून, करंगळीकडची सोडून पंजा लाल होतो का बघतात. नाही झाला तर हा पर्याय बाद. झाला, आणि पुढचा हात चिरडलेला नसेल, तर कामावर लवकर परतायचं असलेल्यानं मी हाच आधी विचारात घ्यावा म्हणेन. अर्ध्या बाहीत डाग दिसणार, तेवढं सोसावं.

जखम फार मोठी असेल तर मांडीचा तुकडा पूर्ण सुटा काढून दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडतात. त्यासाठी नुसता सर्जन पुरत नाही. पहिले दोन-तीन दिवस रात्रीही फ्लॅपचा रंग तपासणारी नर्स आणि गुठळी झालीच तर मध्यरात्री उघडणारं थिएटर हवं. हे आहे का, ते दाखल होण्याआधी स्पष्ट विचारा.

आणि तंबाखू. तंबाखूची निपाणी शेजारीच, त्यामुळं खिशात पुडी असतेच. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, फ्लॅप कुठलाही असो. भेटायला येणाऱ्या दोस्तांच्या पुड्या वॉर्डाबाहेरच काढून घ्या.