सरकलेला मणका, दोन बाळंतपणं आणि पाठ टेकवून चालवायची सायकल: नऊ महिन्यांनंतर

आधी माझी कंबर नेमकी कशाने दुखते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. मला स्पॉन्डिलोलिस्थेसिस आहे, पहिल्या श्रेणीचा. म्हणजे कमरेचा शेवटचा मणका खालच्या हाडावरून पुढे सरकलाय, पण पाव भागापेक्षा कमी. तो बहुधा आधीपासूनच तसा होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर बोलायला लागला. वजन 78 किलो, धाकटा सतत कडेवर आणि पोटाचे स्नायू मधोमध इतके फाकलेले की बेंबीपाशी तीन बोटं आत जायची.

कंबरदुखी हा शब्दच फसवा आहे. माझ्या जावेची मणक्यातली गादी सरकलीय. ती पुढे वाकली की पायात कळ जाते, आणि पालथं पडून छाती उचलली की तिला बरं वाटतं. माझं बरोबर उलटं. मला कुणीतरी प्रेमाने भुजंगासन करायला लावलं आणि मी दोन दिवस अंथरुणाला खिळले. मागे वाकणं हेच माझ्या मणक्याला नको असतं.

म्हणून घरात एका जागी ठेवून चालवायची ही व्यायामाची सायकल. बसायला खुर्चीसारखी बैठक, मागे टेका, पेडल पुढच्या बाजूला. धावणं, उड्या जमण्यासारख्या नव्हत्याच (शिंकलं तरी लघवी निसटत होती, उड्या कसल्या मारतेय). साधी सायकल चालवताना पुढे झुकून मान वर ठेवली की कमरेत कळ यायची. हिच्यावर पाठीचा भार टेक्यावर जातो. फिजिओथेरपिस्टने हो म्हटल्यावरच घेतली.

पहिले तीन आठवडे फक्त दहा मिनिटं, सगळ्यात हलक्या ताणावर. बैठक मी फार मागे ठेवली होती. पाय पूर्ण ताणला जायचा आणि प्रत्येक फेरीला कंबर डावी-उजवी हलायची. रात्री ठणकायला लागल्यावर लक्षात आलं. पेडल सगळ्यात लांब असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. एवढी एक गोष्ट सुधारल्यावर निम्मा त्रास गेला. टेका आणि कंबर यांच्यात उरलेल्या पोकळीत टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवते. मोठी ठेवली की कमरेला बाक येतो आणि पुन्हा तेच दुखणं.

आता आठवड्यातून पाच दिवस, 25 मिनिटं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागू देते. त्याआधी दहा मिनिटं जमिनीवर: उताणं पडून श्वास सोडताना बेंबी आत ओढणं, लघवी रोखल्यासारखं आकुंचन, आणि रांगण्याच्या स्थितीत एक हात पुढे व विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करणं, पण पाय कमरेच्या वर न नेता. खरं सांगायचं तर कंबर सुधारली ती या कंटाळवाण्या दहा मिनिटांमुळे. पोटाच्या स्नायूंमधली फट आता जेमतेम दीड बोट आहे आणि शिंकेचा प्रश्न मिटलाय. सायकलने दम वाढला, मूड सुधारला. पोट बांधायचं काम तिचं नाही.

वजनाचा हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. सायकलवरचा आकडे दाखवणारा डबा एका वेळेला 260 कॅलरी दाखवतो. माझ्या वजनाला आणि वेगाला 150 धराव्यात. म्हणजे आठवड्याला 750, आणि एक किलो चरबीसाठी साधारण 7700 लागतात. नुसत्या सायकलवर एक किलो उतरायला दहा आठवडे! पहिले दोन महिने काटा हललाच नाही, तेव्हा मी मशीनला शिव्या घालत होते. दोष तिचा नव्हता. मुलांच्या ताटात उरलेलं संपवायची सवय सोडली आणि रात्रीचं जेवण लवकर केलं, तेव्हा फरक पडला. आज 69.5. त्यातले फार तर साडेतीन किलो सायकलचे, बाकीचे ताटाचे.

पाचव्या महिन्यात उसण भरली. सायकलवर नाही, मुलाला पाळण्यातून वाकून उचलताना. आठवडाभर सगळं बंद, फक्त घरातल्या घरात चालणं. परत सुरू करताना पुन्हा दहा मिनिटांपासून. तेव्हा चिडचिड झाली, पण ते बरोबरच होतं. आणि एक गोष्ट टाळू नका: दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायामाचा विचार सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तक्रारी आहेतच. जागा खूप अडवते. पेडलचे पट्टे दर आठवड्याला ढिले होतात. लहान मुलांची बोटं फिरत्या भागात जाण्याची धास्ती असते. मी मुलं झोपल्यावरच चालवते, त्यामुळे ती दुपारी झोपली नाहीत तर व्यायाम बुडाला म्हणायचा.

माझ्यासारखा मणका असेल आणि तपासणाऱ्याने परवानगी दिली असेल, तर घ्या. गादीचा त्रास असेल तर आधी कुणाची तरी मागून चालवून बघा. जाऊ माझ्या सायकलवर दहा मिनिटं बसली आणि पाय झाडत उतरली. ती आता रोज सकाळी चालायला जाते, आणि तिचंही वजन उतरतंय.