सकाळचा भात रात्रीसाठी: कॅसरोल की फ्रिज?

सकाळी ७ला कुकर लावून ८ला घर सोडायचं, तर रात्रीचा भात ठेवायचा कशात? मी बरीच वर्षं कॅसरोलमध्ये ठेवायचो, आता फ्रिजमध्ये ठेवतो.

दुपारी जेवायला घरी येत असाल, तर कॅसरोलच बरा. भात ६० अंशांच्या वर असेपर्यंत आजारी पाडणाऱ्या जिवाणूंची वाढ होत नाही. पुढे तो कोमट होत जातो आणि तिथे बॅसिलस सिरियस या जिवाणूचं फावतं. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि कोमट, ओलसर भातात रुजतात.

मला कॅसरोल खरा नकोसा केला तो झाकणाने. संध्याकाळी उघडलं की आतून थेंब ओघळायचे आणि वरचा थर गिळगिळीत झालेला असायचा. मे महिन्यात तर आंबूस वास, आणि शितं बोटांनी दाबली की तार सुटायची. झाकणाखाली सुती फडकं घालून पाहिलं, तेही ओलंचिंब व्हायचं. जिवाणूंना उबेइतकंच पाणी लागतं; कडक भाकरी टिकते आणि भात विटतो तो त्यामुळेच. एकदा तसलाच भात वाफ येईपर्यंत गरम करून खाल्ला आणि दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. भातानेच झालं असं छातीठोक सांगत नाही. पण या जिवाणूचं उलटीचं विष एकदा भातात तयार झालं, की गरम करून जात नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

फ्रिजमधला भात कडक होतो हे खरं. पाण्याचा हबका मारून वाफवला की बराच मऊ होतो, तरी ताज्याची सर नाही. शिवाय पातेलं तसंच आत ठेवून भागत नाही. मी एकदा तासाभराने मधोमध डाव खुपसून पाहिला: कडेला गार, मध्ये चांगलाच गरम. तेव्हापासून भात परातीत बोटभर जाडीचा पसरतो. अंघोळ होईपर्यंत वाफ जाते, मग उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. ५ अंशांखाली वाढ अगदी मंदावते, पण काही जिवाणू तिथेही हळूहळू वाढतात. म्हणून दुसऱ्या दिवसापलीकडे मी तो ठेवत नाही, आणि दिवसा बराच वेळ वीज गेली असेल तर सरळ टाकतो.

तुमच्याकडे वीज रोजच जात असेल, तर रात्री ताजा वाटीभर लावणंच बरं. नाहीतर मी परात आणि उथळ डबाच सुचवेन. आमच्या कॅसरोलमध्ये आता जेवायला बसेपर्यंत पोळ्या असतात.