मुलाच्या दाढेचा एक्स-रे, दोन क्लिनिकचा अनुभव

मुलगा ९ वर्षांचा, खालच्या दुधाच्या दाढेत कीड. आधी घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेलो, नाव घेत नाही. डॉक्टरांनी तोंडात बघायच्या आधीच काउंटरवर सांगितलं ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र मोठा एक्स-रे) काढून घ्या, म्हटलं चार महिन्यांपूर्वीच काढलाय, मोबाईलमध्ये आहे, तर म्हणे आमच्याकडे नवीनच लागतो. मग छोटा एक्स-रे, आणि तिथली असिस्टंट मुलगी सेन्सर (ज्यावर फोटो उमटतो तो) मुलाच्या तोंडात स्वतःच्या बोटाने धरून उभी!! मला मुलापेक्षा त्या मुलीचीच काळजी वाटली कारण ती हे दिवसातून कितीतरी वेळा करत असणार, आणि तिच्याकडे अंगावर पडलेल्या किरणांचा डोस मोजायचा टीएलडी बॅजही नव्हता. दातांचा एक्स-रे सुरुवातीला वापरणाऱ्यांपैकी अमेरिकेतले डॉक्टर केल्स मशीन सेट करायला आपलाच हात किरणांत धरायचे, आधी बोटं गेली मग हात गेला. तेव्हाचे डोस खूप मोठे होते हे मान्य, पण धडा तोच ना. आम्ही एक्स-रे न काढताच उठलो.

मग मैत्रिणीने डोंबिवली पूर्वेचं क्लिनिक सुचवलं. मॅडमनी आधी नीट तपासलं, मोबाईलवरचा जुना ओपीजी मोठा करून बघितला आणि म्हणाल्या नवीन नको, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलीय का तेवढं बघायला एकच छोटा काढू. सेन्सर होल्डरमध्ये, मुलाने फक्त चावून धरायचा. मशीनच्या तोंडाला चौकोनी नळी, म्हणजे किरण सेन्सरपुरतेच पडतात, गोल नळीत आजूबाजूचा गालही उगाच येतो. मुलांसाठी किरणांचा वेळ कमी केला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि बटण दाराबाहेरून दाबलं. भिंतीवर अणुऊर्जा नियामक मंडळाकडे मशीनची नोंदणी केल्याचा कागद लावलेला, मी विचारायच्या आधीच दिसला.

लेड एप्रन (किरण अडवणारा शिशाचा) मी मागितला. त्यांनी घातला, पण हेही सांगितलं की २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने पेशंटला एप्रन आणि गळ्याचा कॉलर आता लागत नाही असं सांगितलंय, डिजिटल सेन्सर आणि चौकोनी नळी असली की बाकी अंगावर जाणारं फारच थोडं असतं, उलट ओपीजीला कॉलर मध्ये आला तर फोटो बिघडतो आणि परत काढावा लागतो. असा एक छोटा एक्स-रे साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), आणि माती, हवा, आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे एका दिवसाच्या आतलंच. घाबरायचं कारण नाही, पण गरज नसताना एकही नको, मुलांना तर नकोच, हे त्यांनी मला हिशोबासकट समजावलं आणि मला ते फार पटलं. इतका वेळ कोण देतं हो आजकाल?

कीड नसेपर्यंत पोचली नव्हती, साधं फिलिंग झालं, मुलगा रडला नाही. एक्स-रे लगेच व्हॉट्सअपवर पाठवला, पुढच्या डॉक्टरला दाखवायला जपून ठेवा म्हणाल्या.

तक्रार दोनच. शनिवारी वेळ घेऊनही ४० मिनिटं बसवलं. आणि दुसरा मजला, लिफ्ट नाही, आईचे गुडघे दुखतात त्यामुळे तिची कवळी करायला इथेच आणायचंय पण कसं ते अजून ठरत नाहीये.