मेंढ्यांची लोकर स्वतः कातरताना: विजेच्या यंत्राचा आठ महिन्यांचा अनुभव

माण तालुक्यात आमच्या 22 दख्खनी मेंढ्या आहेत. त्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरायला शेजारच्या गावातून एक जाणते गृहस्थ येत असत. वयोमानामुळे त्यांनी हे काम थांबवले, तेव्हा मी हातात धरून चालवायचे विजेचे कातरयंत्र घेतले आणि कधीही न केलेले काम स्वतः करायला बसलो. फाल्गुन आणि आश्विन अशा दोन कातरण्या त्यावर पार पडल्या आहेत.

यंत्राच्या तोंडाशी 13 दातांचा स्थिर कंगवा असतो आणि त्यावर 4 टोकांचे पाते वेगाने डावीउजवीकडे सरकते. पात्यावरचा दाब वरच्या फिरकीने कमीजास्त करता येतो. पाते कंगव्याच्या टोकांपासून थोडे मागेच बसवावे लागते, नाहीतर कातडीला इजा होते. मी ते नीट बसवले होते, तरीही पहिल्याच मेंढीच्या कुशीला जखम झाली. दोष यंत्राचा नव्हता. डाव्या हाताने मी लोकर वर ओढत होतो, त्यामुळे लोकरीबरोबर पातळ कातडीही उचलली जाऊन कंगव्यात सापडत होती. शेजारी बसलेले चुलते म्हणाले, "लोकर वढू नगंस, कातडं ताण." मोकळा तळहात कातडीवर दाबून ती ताणून धरली की यंत्र सरळ, सपाट चालते. या एका गोष्टीचे हाताला वळण लागेपर्यंत पहिल्या मेंढीला एक तास दहा मिनिटे लागली, तर आश्विनात शेवटच्या काही मेंढ्या वीस मिनिटांच्या आत झाल्या.

मेंढी कशी धरावी, याला मी कातरण्याइतकेच महत्त्व देतो. तिला मागच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणावर बसवून पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवली आणि पाय जमिनीला लागू दिले नाहीत, तर ती धडपड सोडते. मात्र आदल्या रात्रीपासून चारा बंद ठेवायला हवा, कारण भरल्या पोटी त्या बैठकीत फुप्फुसांवर दाब येऊन तिला धाप लागते. दिवस भरत आलेल्या गाभण मेंढ्यांना मी असे बसवत नाही. त्यांची कातरणी व्याल्यानंतरच करतो.

यंत्राची खरी परीक्षा आमच्या मातीत होते. दख्खनी लोकर जाड, केसाळ आणि वाळूने भरलेली असते. फाल्गुनात न धुता कातरल्यामुळे चार मेंढ्यांतच पाते बोथट झाले. आश्विनात मेंढ्या विहिरीच्या पाण्याने धुतल्या आणि दोन दिवस स्वच्छ जागेत ठेवून पूर्ण सुकू दिल्या, तेव्हा तेच पाते नऊ मेंढ्यांपर्यंत टिकले. प्रत्येक मेंढीमागे तेल घालूनही कंगवा तापतो. मनगटाच्या आतल्या बाजूला चटका जाणवला की मी थांबतो. धार लावून देणारे जवळपास कोणी नाही. बाहेर पाठवलेले पाते तीन आठवड्यांनी परत आले आणि ही अडचण मला सर्वांत मोठी वाटते.

घोंगडी विणणाऱ्या ओळखीच्या कारागिरांना लोकर दाखवली, तेव्हा फाल्गुनातल्या लोकरीत तुटके आखूड तुकडे फार असल्याचे त्यांनी सांगितले. एकाच जागेवरून यंत्र दोनदा फिरवल्याचा तो परिणाम होता. पिंजताना असे तुकडे गळून जातात आणि सुताला बळ येत नाही. लोकरीला मिळणारा भाव आधीच इतका तोकडा आहे की तिची लांबी वाया घालवणे मला पटत नाही, म्हणून आता राहिलेले खुंट तसेच सोडून देतो.

कासेभोवती आणि पोटाच्या पातळ कातडीवर मी अजूनही जुनी लोखंडी कातरच वापरतो. कोकरांच्या जावळालाही यंत्र लावत नाही, कारण त्या पहिल्या मऊ लोकरीची घोंगडी वेगळीच होते. पाच-सहा मेंढ्या असणाऱ्यांना कातर पुरेशी आहे, आणि वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन रानोमाळ फिरणाऱ्यांना विजेअभावी या यंत्राचा काही उपयोग नाही. वीस-पंचवीस मेंढ्या घरी बांधणाऱ्याने मात्र ते जरूर घ्यावे, पण त्याच दिवशी निदान दोन जादा पातीही घ्यावीत.