ब्लूस्टोअरखाली कोणती डिस्क : हार्ड डिस्क, मिश्र रचना आणि एनव्हीएमई यांची मोजमापाच्या अंगाने तुलना

सेफ या वितरित साठवण प्रणालीचा नवा क्लस्टर (डेटा वाटून ठेवणाऱ्या सर्व्हरचा संच) उभारताना बॅकएंड, म्हणजे डिस्कवर प्रत्यक्ष डेटा लिहिणारा भाग, कोणता घ्यावा, हा प्रश्न आता उरलेला नाही. २०१७ मधल्या ल्युमिनस आवृत्तीपासून ब्लूस्टोअर हाच प्रचलित बॅकएंड आहे आणि २०२३ च्या रीफ आवृत्तीत जुन्या फाइलस्टोअरचा आधार काढूनच टाकण्यात आला. निर्णय घ्यायचा आहे तो ब्लूस्टोअरखाली कोणत्या डिस्क कशा मांडायच्या याचा. पर्याय मुख्यतः तीन आहेत : सर्व काही हार्ड डिस्कवर ठेवणे, डेटा हार्ड डिस्कवर आणि मेटाडेटा (डेटाविषयीच्या नोंदी) एनव्हीएमई या वेगवान एसएसडीवर ठेवणे (मिश्र रचना), किंवा सर्वच एनव्हीएमईवर ठेवणे. यांच्या किमतींत मोठा फरक असल्याने बहुतेक जण बेंचमार्क चालवून ठरवतात, आणि हे योग्यच आहे. मात्र या तीन रचनांमधला खरा फरक ज्या चाचणीत दिसतो ती चाचणी फारशी कोणी चालवत नाही, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण ब्लूस्टोअरच्या लेखनपद्धतीत आहे. फाइलस्टोअरमध्ये प्रत्येक लेखन आधी जर्नलमध्ये आणि मग एक्सएफएससारख्या फाइल सिस्टिमवरच्या फाइलमध्ये, असे दोनदा होत असे. दोन्ही एकाच डिस्कवर असले की मोठ्या लेखनाचा वेग जवळपास निम्म्यावर येई. ब्लूस्टोअर फाइल सिस्टिम मध्ये न घेता थेट डिस्कवर लिहितो. मोठे लेखन तो मोकळ्या जागेत एकदाच करतो आणि ते कुठे ठेवले याची नोंद रॉक्सडीबी या आतल्या डेटाबेसमध्ये करतो. हार्ड डिस्कवर लहान लेखन आले की मात्र डेटा आधी रॉक्सडीबीच्या डब्ल्यूएएलमध्ये (आगाऊ नोंदवहीत) जातो, तिथे पक्का झाला की सेफ ठेवतो त्या अनेक प्रतींपैकी त्या एका प्रतीपुरते काम झाले असे धरले जाते, आणि मूळ जागी तो सवडीने उतरवला जातो. ही सवड चाचणीच्या वेळेत संपते की नाही, यावर निम्मे निकाल ठरतात.

केवळ हार्ड डिस्कच्या रचनेची मर्यादा कागदावरही मांडता येते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे हवा तो भाग वाचन-लेखन करणाऱ्या शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी ४.२ मिलिसेकंद जातात. त्यात शीर्ष हलण्याचा वेळ मिळवला की एका डिस्ककडून सेकंदाला साधारण शंभर यादृच्छिक (विखुरलेल्या जागांवरची) कामे होतात. अशा १२ डिस्कच्या क्लस्टरला यादृच्छिक वाचन सेकंदाला १२०० च्या आसपास जमेल. तीन प्रती ठेवल्या तर यादृच्छिक लेखन फार तर ४०० च्या घरात राहील, आणि डब्ल्यूएएल व रॉक्सडीबीची कामेही त्याच शीर्षाला करावी लागत असल्याने प्रत्यक्षात ते याहून खाली जाईल. बॅकअप, चित्रफिती, जुनी कागदपत्रे अशा मोठ्या आणि सलग लेखनासाठी ही रचना उत्तम चालते. आभासी यंत्रांच्या डिस्कसाठी ती घेऊ नये.

मिश्र रचनेवर थोडे थांबायला हवे, कारण गैरसमज सर्वाधिक तिथेच आहेत. रॉक्सडीबी आणि डब्ल्यूएएल एनव्हीएमईवर गेले की लहान लेखनाला होकार एनव्हीएमईच्या वेगाने मिळतो, हार्ड डिस्कचे शीर्ष मेटाडेटासाठी इकडेतिकडे धावत नाही, आणि ऑब्जेक्ट स्टोरेजमधल्या मोठ्या बकेटची (ऑब्जेक्ट ठेवायच्या कप्प्याची) यादी काढणे लक्षणीय वेगवान होते, कारण बकेटची अनुक्रमणिका रॉक्सडीबीतच राहते. हे सगळे फायदे खरे आहेत. पण डेटा अजूनही हार्ड डिस्कवरच आहे. जो डेटा मेमरीत नाही त्याचे यादृच्छिक वाचन या रचनेत जवळपास तेवढेच मंद राहते, आणि लहान लेखन सतत होत राहिले तर ते आज ना उद्या त्याच सावकाश शीर्षाने उतरवावे लागते. एक मिनिटाच्या चाचणीत मिश्र रचना एनव्हीएमईच्या जवळ गेल्यासारखी वाटते. तीच चाचणी तासभर चालवली की आलेख उतरतो आणि हार्ड डिस्कच्या पातळीजवळ स्थिरावतो. मध्ये ठेवलेली वेगवान डिस्क ही धरणासारखी आहे, ती पूर थोपवते पण नदीचे पाणी वाढवत नाही.

या रचनेत आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली जागेची. रॉक्सडीबीसाठीचा भाग, ऑब्जेक्ट स्टोरेज असेल तर, मुख्य डिस्कच्या ४ टक्क्यांपेक्षा कमी नसावा, असे सेफचे दस्तऐवज सांगतात. ब्लॉक स्टोरेजला (आभासी यंत्रांना डिस्क पुरवणाऱ्या साठवणीला) १ ते २ टक्के बहुधा पुरतात. भाग अपुरा पडला की मेटाडेटा हार्ड डिस्कवर सांडू लागतो आणि क्लस्टरच्या स्थितीत ब्लूएफएस स्पिलओव्हरचा इशारा दिसतो. नव्या, रिकाम्या क्लस्टरवर घेतलेल्या बेंचमार्कमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण तेव्हा मेटाडेटा थोडाच असतो. दुसरी गोष्ट बिघाडाची : एका एनव्हीएमईवर सहा हार्ड डिस्कचा मेटाडेटा असेल आणि ती बिघडली, तर सहाही ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारे सेफचे प्रोग्रॅम) गेले असे समजावे आणि सहाही डिस्कचा डेटा नव्याने भरून येईपर्यंत क्लस्टरवर ताण राहील, हे गृहीत धरावे.

सर्व-एनव्हीएमई रचनेत डिस्क हा अडथळाच राहत नाही. वीज गेली तरी कॅशमधला डेटा राखणारी सर्व्हर दर्जाची एनव्हीएमई लहान लेखन काही दशक मायक्रोसेकंदांत पक्के करते; सेफचे लेखन मात्र प्रमुख ओएसडीकडे जाऊन, इतर प्रतींपर्यंत पोहोचून, सर्वांचा होकार आल्यावरच पूर्ण होते, त्यामुळे वेळ नेटवर्कमध्ये आणि खुद्द ओएसडीच्या कोडमध्ये जातो. येथे प्रोसेसरचे कोअर आणि नेटवर्क यांना पैसे राखून ठेवावेत आणि प्रोसेसरची वीजबचतीची खोल अवस्था बंद करूनही एक मोजमाप घ्यावे. घरगुती दर्जाच्या एसएसडी स्वस्त म्हणून घेण्याचा मोह मात्र टाळावा. प्रत्येक लेखन पक्के होईपर्यंत थांबा, असे सांगितले की त्यांपैकी अनेकींचा वेग माहितीपत्रकातल्या आकड्याच्या जवळपासही राहत नाही, आणि सेफ नेमके तेच सांगतो.

आता मोजमाप. पहिली पायरी क्लस्टर उभारण्यापूर्वीची आहे : एफआयओ या चाचणीच्या साधनाने कोऱ्या डिस्कवर ४ केबीचे, एका वेळी एकच, सिंक लावलेले (पक्के होईपर्यंत थांबणारे) लेखन चालवावे. डब्ल्यूएएलसाठी कोणती डिस्क लायक आहे हे या एका चाचणीत स्पष्ट होते. ही चाचणी डिस्कवरचा डेटा पुसते, तेव्हा डिस्कचे नाव दोनदा वाचून मगच आज्ञा द्यावी.

क्लस्टर उभा राहिल्यावर बहुतेक जण राडोस बेंच हे सेफचे स्वतःचे चाचणीचे साधन चालवतात. त्याचे मूळ माप ४ एमबीचे ऑब्जेक्ट आणि एका वेळी १६ लेखने असे आहे. या मापावर हार्ड डिस्क आणि मिश्र रचना जवळजवळ सारख्या दिसतात, कारण इतके मोठे लेखन डब्ल्यूएएलला वळसा घालून थेट डेटाच्या जागी जाते. ऑब्जेक्टचा आकार ४ केबी केला तरी राडोस बेंच दर वेळी नवे ऑब्जेक्ट बनवतो. आभासी यंत्रे मात्र आहे त्याच जागेवर पुन्हा पुन्हा लिहितात. म्हणून ब्लॉक स्टोरेजचा निर्णय एफआयओच्या आरबीडी (सेफचे ब्लॉक स्टोरेज) इंजिनने करावा, आणि तोही इमेज (आभासी डिस्क) आधी संपूर्ण भरून. आरबीडी इमेज लागेल तशी जागा घेते. जिथे कधी काही लिहिलेच नाही, तिथे वाचायला गेल्यास डिस्कला हातही न लावता शून्ये परत येतात. अशा कोऱ्या इमेजवर हार्ड डिस्कचा क्लस्टरही यादृच्छिक वाचनाचे अविश्वसनीय आकडे दाखवतो, आणि कोणी ते आकडे खरे मानून खरेदी केली तर नुकसान त्या यंत्रणेवर विसंबलेल्या लोकांचे होते.

मेमरीचाही असाच पडदा पडतो. प्रत्येक ओएसडीचे मेमरीचे लक्ष्य मुळात ४ जीबी असते, त्यामुळे चाचणीचा डेटा सर्व ओएसडींच्या एकत्रित कॅशपेक्षा कितीतरी मोठा हवा. निकालात सरासरीपेक्षा ९९ व्या शतमानाची लेटन्सी (शंभरातली ९९ कामे ज्या वेळेच्या आत होतात तो वेळ) आधी पाहावी. वापरणाऱ्याची तक्रार सरासरीबद्दल कधीच नसते. जुन्या आणि नव्या ओएसडींची तुलना करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पॅसिफिक आवृत्तीपूर्वी हार्ड डिस्कवरचे किमान वाटप (एका वेळी दिली जाणारी सर्वात लहान जागा) ६४ केबी होते, पॅसिफिकपासून ते ४ केबी झाले, आणि हे माप ओएसडी तयार होतानाच कायमचे ठरते. आवृत्ती चढवली म्हणून जुना ओएसडी बदलत नाही. जुन्या मापावर ४ अधिक २ च्या इरेजर कोडिंगमध्ये (डेटाचे चार आणि दुरुस्तीसाठीचे दोन तुकडे) ४ केबीचे एक ऑब्जेक्टही ३८४ केबी जागा अडवते.

मला निवड करायची असेल तर बॅकअप आणि मोठ्या फाइलींसाठी केवळ हार्ड डिस्क, कोट्यवधी लहान ऑब्जेक्ट आणि त्यांच्या याद्या सांभाळायच्या असतील तर मिश्र रचना, आणि आभासी यंत्रे किंवा डेटाबेस असतील तर कमी क्षमतेची का होईना, पण सर्व-एनव्हीएमई अशी मी करेन. अंतिम होकार देण्याआधी मात्र क्लस्टर निदान निम्मा भरावा, आरबीडीची चाचणी चालू ठेवून एक ओएसडी मुद्दाम बंद करून बाद करावा, आणि डेटा पुन्हा भरून येत असताना ९९ व्या शतमानाची लेटन्सी किती वर जाते ते नोंदवावे. तीनही रचनांमध्ये सर्वात मोठे अंतर याच आकड्यात पडते. क्विन्सी आवृत्तीपासून हा ताण क्लायंटच्या कामाशी वाटून घेण्याचे काम एमक्लॉक हा शेड्यूलर करतो. तो ओएसडीची क्षमता पहिल्या सुरुवातीला स्वतःच मोजून ठेवतो, तेव्हा त्याने नोंदवलेला आकडा आपल्या एफआयओच्या आकड्याशी जुळतो का हे पाहावे, आणि जुळत नसेल तर तो दुरुस्त करून हीच चाचणी पुन्हा घ्यावी.