लुक्ला गाठायचं कुठून: काठमांडू की रामेछाप?

एव्हरेस्ट बेस कॅम्पची तारीख ठरली की पुण्या-मुंबईच्या ग्रुपमध्ये पहिली चर्चा याचीच होते: ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाचं विमान कुठून धरायचं? कागदावर उत्तर सोपं आहे. काठमांडू ते लुक्ला हवाई अंतर सुमारे १३५ किलोमीटर, विमानाला ३०-३५ मिनिटं. रामेछाप जिल्ह्यातल्या मंथली विमानतळावरून साधारण ७५ किलोमीटर, १५-२० मिनिटं. पण मंथलीला पोचायचं तर आधी काठमांडूहून १३० किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता, सगळं सुरळीत असलं तरी चार-पाच तासांचा. नुसते तास मोजले तर काठमांडूच सरस.

पण लुक्लाचा हिशेब तासांवर चालत नाही. धावपट्टी जेमतेम ५२७ मीटरची आणि चढाची. उतरायचं एकाच बाजूने, तेही वैमानिकाला ती डोळ्यांनी दिसली तरच. दुपारकडे वारा सुटतो, दरीतून ढग वर येतात आणि उड्डाणं थांबतात. हाताशी असते ती फक्त सकाळ. काठमांडूला धावपट्टी एकच, आणि तिच्यावर परदेशी विमानांपासून सगळ्यांची गर्दी. लुक्ला स्वच्छ उघडलेलं असतं आणि आपलं अठरा-एकोणीस आसनी विमान इकडे नंबराची वाट बघत उभं असतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीचं तिकीट असलेल्यांचा दिवस असाच जातो. हवा खराब म्हणून थांबायला माझी ना नाही. हवा चांगली असताना रांगेपायी दिवस जावा, हे मात्र मला पटत नाही, आणि माझं पारडं तिथेच झुकलं. मंथलीला गर्दी कमी आणि पल्ला छोटा, त्यामुळे तेच विमान सकाळभरात जास्त फेऱ्या मारतं. मागच्या नंबरालाही आशा राहते.

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बहुतेक उड्डाणं मंथलीहूनच होतात, तेव्हा निवडीला फारसा वाव नसतो. इतर महिन्यांत काठमांडूहून थेट तिकीट मिळत असेल तर खुशाल घ्या, फक्त पहिल्या फेरीचं मागा. डिसेंबर-जानेवारीत तिथलं सकाळचं धुकं गृहीत धरा.

मंथलीवर लोकांचा राग असतो तो रात्रीच्या प्रवासाचा. एजन्सी रात्री एक-दोनला थमेलहून, म्हणजे काठमांडूतल्या हॉटेलांच्या भागातून, उचलतात. मग न झोपलेलं शरीर पावणेपाचशे मीटरवरून वीस मिनिटांत २,८४५ मीटरवर जातं आणि त्याच दिवशी फाकडिंगपर्यंत, म्हणजे ट्रेकच्या पहिल्या मुक्कामापर्यंत, तीन-चार तास चालायचं असतं. जमल्यास हे टाळाच. आदल्या दिवशी सकाळी नऊ-दहाला निघा आणि मंथलीत मुक्काम करा. मंथलीच्या वाटेवरचा बीपी राजमार्ग अरुंद आहे, सप्टेंबर २०२४च्या पुरात त्याचा रोशी नदीकाठचा पट्टा वाहून गेला होता. निघण्याआधी रस्त्याची ताजी स्थिती ड्रायव्हरला विचारा आणि गाडी लागणाऱ्यांनी गोळी अर्धा तास आधी घ्या. तामाकोशीकाठचं हे गाव एप्रिलमध्ये चांगलंच तापतं, पंखा असलेली खोली आधीच सांगून ठेवा. सामान दोन्हीकडे सहसा १५ किलोच: १० मोठ्या बॅगेत, ५ हातात. जाताना डावीकडची खिडकी मागा, हिमशिखरं त्याच बाजूला दिसतात.

परतीलाही लुक्लाहून मंथलीच मिळालं तर पुढचे रस्त्याचे तास धरा. मुंबईचं तिकीट लुक्ला सोडायच्या दिवसानंतर किमान दोन मोकळे दिवस ठेवूनच काढा.