२०० लिटरचा सोलर वॉटर हीटर, दीड वर्ष वापरून (खानापूर भाग, बेळगाव जिल्हा)

दीड वर्ष झालं आमच्या स्लॅबवर ट्यूबवाला सोलर बसवून, उन्हाळा पावसाळा थंडी सगळं बघून झालं म्हणून आता लिहितोय. वस्तू झकास आहे. नोव्हेंबर ते मे सकाळी सहाला बादलीत हात घालवत नाही इतकं कडक पाणी येतंय, सहा माणसांच्या आंघोळी उरकून भांड्यालापण उरतंय.

आमच्यात आधी तांब्याचा बंब होता, ढलप्या नि शेणी घालायच्या, आज्जी पहाटे चारला उठून फुंकत बसायची. मग गीझर आला. ह्यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती सांगतो. आपल्या देशाचा व्यापारी इंधनाचा, म्हणजे कोळसा, तेल, गॅस, वीज असल्याचा, खप २००० पासून जवळजवळ तिप्पट झालाय, चीन-अमेरिकेनंतर आपलाच नंबर, आणि त्यात निम्म्याहून जास्त कोळसा, तरी माणशी बघितलं तर जगाच्या सरासरीच्या साधारण एक तृतीयांशच. पण व्यापारी इंधनाचा हा जो आकडा छापून येतो त्यात शेणी-लाकूड धरतच नाहीत ओ! म्हणजे आज्जीनं जन्मभर बंब पेटवला ते त्या हिशोबात कुठंच नाही, आम्ही गीझरचं बटण दाबलं तेव्हा आमची आंघोळ त्यात गेली. आणि गेली ती पण केवढी, २०० लिटर पाणी २५ वरनं ६० डिग्रीला न्यायला ८ युनिट लागतात, पण कोळशाच्या वीजकेंद्रात जळणातली साधारण एक तृतीयांशच उष्णता वीज होऊन बाहेर पडते, म्हणजे त्या ८ युनिटामागं पाच-साडेपाच किलो कोळसा. एका घराच्या आंघोळीला! हे कळल्यावर मला गीझर लावायला नको वाटायला लागलं.

शेजारचे म्हणतात गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती फुकट विजेची योजना) २०० युनिट फुकट हैत की, सोलर कशाला. पण तसं सरसकट २०० नाहीत, तुमच्या २०२२-२३ च्या सरासरीपेक्षा थोडेच जास्त, आणि २०० च्या वर गेलं की सगळंच बिल भरायचं. आमचं थंडीत हमखास वर जायचं, आता जात नाही.

त्रास म्हणाल तर बोअरचं पाणी, क्षार बसतात, वर्षातनं एकदा ट्यूबा काढून धुवाव्याच लागतात. आणि फिटिंगवाल्यानं गरम पाण्याच्या पाईपला इन्सुलेशनच घातलं नव्हतं, पहिली दीड बादली गारच यायची, फोनवर फोन करून तिसऱ्या आठवड्यात माणूस आला. पैसे देण्याआधी पाईप हातानं चाचपून बघा. आमच्याकडं जुलै-ऑगस्टात ऊन दिसत नाही, तेव्हा टाकीत विजेची कॉइल असलेलाच घ्या, आम्ही पैसे वाचवायला बिनकॉइलचा घेतला ते चुकलं.

बंब मात्र आज्जीनं मोडीत घालू दिला नाही, आणि ह्या पावसाळ्यात तोच तीन आठवडे पेटवला.